पोती ओली होती

१

मोठ्या बाई भिंतीखाली सापडल्या तेव्हा त्यांच्या उशाशी छिन्नी पडली होती.

रविवारची सकाळ, साडेसातचा सुमार. चर्चमागच्या जुन्या बागेत माळी नेहमीसारखा आला आणि गुलाबांच्या वाफ्यापलीकडे, जिथे काल संध्याकाळपर्यंत सलग भिंत होती, तिथे मधोमध त्याला खिंडार आणि दगडांचा ढीग दिसला. बाई कमरेपासून वर ढिगाबाहेर होत्या, खालचं अंग आत. माळ्याने आरडाओरडा करून माणसं गोळा केली आणि मग वाफ्याच्या काठावर बसून लहान मुलासारखा रडला.

मोठ्या बाई म्हणजे वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, अडुसष्ट वर्षांच्या, मागेपुढे कोणी नसलेल्या. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी या पडक्या बागेत एकटीने झाडू हातात घेतला होता. आता दर शनिवारी वीस-पंचवीस माणसं तिथे राबायची. कोणी कुंपण छाटायचं, कोणी थडगी धुवायचं, कोणी भिंतीच्या सांध्यांत चुना भरायचं. पगार शून्य आणि चहा आपापल्या थर्मासमधला. बाईंचा शब्द मात्र कायदा होता. झाडाच्या पाटीवर एक अक्षर चुकलं तरी त्या पाटी उपटून परत लिहायला लावायच्या.

थडगी धुणाऱ्यांत मेट्रन होती. पस्तीस वर्षं दवाखान्यात काढून निवृत्त झाली, तरी गावाने तिला मेट्रनच ठेवलं होतं. आणि भिंतीच्या कामावरचा गवंडी तिचा धाकटा भाऊ. चुन्यात काम करणारा त्या भागातला तो शेवटचा माणूस, बाकीच्यांनी केव्हाच सिमेंटशी सोयरीक केली होती.

नऊ वाजेपर्यंत फौजदारांनी निकाल लावून टाकला. शनिवारी दुपारी गवंड्याने ताजी भिंत चढवली. संध्याकाळी बाई एकट्याच तिला पाणी मारायला आल्या. भिंत कच्ची होती, ती अंगावर आली. निष्काळजीपणा. गवंड्याचं नाव कागदावर चढलं.

"माझी भिंत पडत नाही," एवढंच गवंडी म्हणाला आणि मग त्याने तोंडाला जे कुलूप घातलं ते घातलंच.

बाईंना आवरायचं काम मेट्रनकडे आलं. दुसरं होतं कोण? तिच्याच जुन्या दवाखान्यातल्या मागच्या खोलीत बाराच्या सुमारास तिने अंगावरची चादर बाजूला केली. नव्या डॉक्टरांनी एकदा पायांकडे आणि एकदा घड्याळाकडे पाहून सांगितलं होतं, "काल संध्याकाळीच, एका झटक्यात गेल्या. काही कळलंही नसेल."

मेट्रनने जबडा हलवून पाहिला. ताठ होता. मग तिने बाईंचा हात उचलला. कोपर सहज वळलं.

ती थबकली. काल संध्याकाळी गेलेलं माणूस आज दुपारी लाकडासारखं ताठ असायला हवं. तिने बाही वर केली. दंडावर जिथे ओला चुना लागला होता तिथे कातडी काळीनिळी होऊन फोड आले होते. मेलेल्या अंगाला फोड येत नाहीत. हनुवटीवर पांढरा ओघळ वाळला होता, तो तिने बोळ्याने टिपला. आणि पुढच्या दोन दातांत काहीतरी अडकलं होतं. चिमट्याने तिने ते हळूच ओढलं.

तो पोत्याचा धागा होता.

बाई झटक्यात गेल्या नव्हत्या. त्या रात्रभर जिवंत होत्या.

२

धागा आणि बोळा टाकवेना, म्हणून तिने ते एका पाकिटात घातले आणि तशीच बागेत गेली.

माळी विहिरीच्या कट्ट्यावर गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. भिंतीवरची पोती त्याने सकाळीच कुंपणावर वाळत टाकली होती. चुन्याच्या भिंतीचं हेच तर कौतुक. तिला बाळंतिणीसारखं जपावं लागतं. ऊन लागलं की तडकते, म्हणून आठवडाभर अंगावर ओली पोती आणि सकाळ-संध्याकाळ पाणी. वरच्या ओळीवर टाकलेलं पोतं पार खालपर्यंत लोंबतं.

"तू बाईंना काढलंस तेव्हा पोती कशी होती?" मेट्रनने विचारलं.

"कशी म्हणजे? ओली होती की. उचलली तर माझी विजार भिजली."

"चांगली ओली?"

"पाणी निथळत होतं, मेट्रनबाई. आणि एक सांगू? बाईंचं अंग गार नव्हतं पडलं. मी फौजदारांना म्हटलं, तर म्हणाले, उन्हाळा आहे."

"एखादं पोतं त्यांच्या तोंडाजवळ होतं?"

माळ्याने मान खाली घातली. "टोक मुठीत होतं. सोडवायला बोटं उघडावी लागली."

फाटकाचं विचारलं, तर कुलूप उघडं लोंबत होतं. त्यावर तोच म्हणाला, "बाईंना शेळ्यांचा असा राग, की आत शिरल्या की आधी आतून कुलूप लावायच्या. मग उघडं कसं, ते देव जाणे." अवजारांची खोली मात्र बंद होती आणि बाईंच्या किल्ल्या बाईंच्या खिशात होत्या.

मेट्रन तिथून तडक भावाच्या घरी गेली. तो ओट्यावर बसून हातांकडे बघत होता.

"संध्याकाळी भिजवलेली पोती सकाळपर्यंत ओली राहतात?"

"या दिवसांत? मध्यरात्रीच कडकडीत होतात. म्हणून तर सकाळची पाळी लावतो."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा पडला. पोती निथळत होती, म्हणजे उजाडल्यावर कोणीतरी बागेत आलं होतं, बाईंच्या डोक्याशी उभं राहून भिंतीला पाणी मारलं होतं आणि निघून गेलं होतं.

पाळ्या अवजारांच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर लिहिलेल्या असत. तिने तो येतानाच पाहिला होता. शनिवार संध्याकाळ: मोठ्या बाई. रविवार सकाळ: गवंडी.

३

"मी नाही गेलो," गवंडी म्हणाला.

"का नाही गेलास? आजवर एक पाळी चुकवली नाहीस."

"झोप लागली."

चार वाजता उठणारा माणूस हा. मेट्रनने त्याला लहानपणापासून अंगाखांद्यावर खेळवलं होतं. तो खोटं बोलला की डाव्या हाताने उजव्या हाताची नखं खरवडायचा. आता ती नखं लाल झाली होती.

"अरे, बाईंचं मरण तुझ्या गळ्यात येतंय. आता नुसता निष्काळजीपणा नाही. जिवंत बाईला तसंच टाकून गेला म्हणतील."

"म्हणू देत."

मेट्रनच्या प्रश्नांनी विचारात पडलेल्या माळ्याने सोमवारी फौजदारांपुढे ओल्या पोत्यांचं खरंखरं सांगितलं आणि फौजदारांनी फळा वाचला. त्यांना मेट्रनपेक्षा फार वेळ लागला नाही. दुपारी गवंड्याला घेऊन गेले. तो मुकाट गेला. जाताना चप्पल घालायचं विसरला, ती मेट्रनने गाडीमागे धावत नेऊन दिली.

शोध लावायला निघालेल्या बहिणीने भावाभोवतीचा फास आणखी आवळला होता. रात्री तिने ताटातला भात चिवडला आणि मनाशी एकच पक्कं केलं. भाऊ लबाडी करील, हट्ट करील, पण मरणाऱ्या माणसाला पाठ दाखवणार नाही. मग दुसरं कोण?

फाटकाच्या किल्ल्या पाच जणांकडे होत्या. बाई, गवंडी, माळी, चर्चचे फादर आणि ग्रंथपाल. तीन तर झाले. दोन उरले.

मंगळवारी ती फादरांकडे गेली. पावसाळ्याच्या तयारीने फादर आतापासूनच छपराखाली बादल्या मांडत होते. चर्चचं छप्पर गळायचं आणि त्यांचा जीव त्या छपरात अडकला होता.

"बागेपायी मी कधी भांडलो नाही असं नाही म्हणणार," ते म्हणाले. "बाई बागेला सोन्याने मढवत होत्या आणि इकडे प्रार्थनेला बसणाऱ्यांच्या डोक्यावर पावसाळ्यात धार. पण त्या माझ्याहून चांगल्या माणूस होत्या."

"रविवारी उजाडताना तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. झाडत होतो. साक्षीला फक्त पारवे." मग ते थोडे घुटमळले. "मेट्रन, ती पोती कशासाठी टाकतात हो भिंतीवर? फौजदार सारखं पोती पोती करत होते, मला विचारायची लाज वाटली. कुत्री येऊ नयेत म्हणून का?"

अकरा वर्षं ज्याच्या दारामागे हे चाललं त्याला भिंतीला पाणी मारतात हेही ठाऊक नव्हतं. मेट्रनला हसूही आलं आणि रागही आला.

तिथून ती वाचनालयात गेली. ग्रंथपाल हा पन्नाशीचा, सडसडीत, शर्टाला कायम इस्त्री असलेला माणूस. गटाची सगळी लिखापढी त्याच्याकडे. कुठला दगड कुठून काढला, कुठे बसवला, याचं नकाशासकट टिपण तो ठेवायचा. नवीन माणसं आली की नियमांचा कागद तोच खड्या आवाजात वाचून दाखवायचा. स्वतः मात्र कधी हात चुन्यात घालायचा नाही. गेल्या वर्षी वेलींच्या आड दडलेला, दोनशे दहा वर्षांपूर्वीचं साल कोरलेला दगड भिंतीत सापडला तो यालाच. त्या एका दगडावर सगळं उभं होतं. नवा रस्ता बागेच्या मधून जायचा होता. वारसा समितीने साल पाहिलं आणि रस्ता वळवायचं तत्त्वतः मान्य केलं. सही तेवढी बाकी होती.

"गवंड्यासाठी वाईट वाटतं," ग्रंथपाल खरोखरच डोळे पुसत म्हणाला. "साधा माणूस. घाबरला असेल. बाईंना तसं पाहून पळाला असेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, मेट्रन."

"तुम्ही रविवारी सकाळी कुठे होतात?"

"घरी, पुस्तिकेची मुद्रितं तपासत. आणि तो सालाचा दगड, तोही त्या ढिगाऱ्यात चुरा झाला असणार हो. बाईही गेल्या आणि तोही गेला."

तो इतक्या मायेने बोलला, की मेट्रनला उठताना अपराधी वाटलं. दारापर्यंत आल्यावर तिला आठवलं, की बाई पाणी मारायला आल्या होत्या. मग छिन्नी कशाला आणली होती?

४

बुधवारी ती परत बागेत गेली. ढिगाऱ्याला अजून कोणी हात लावला नव्हता. कुंपणावर पोती तशीच होती, ऊन खाऊन कडक झालेली. घड्यांवर पांढरी पूड धरली होती. रविवारीही तिने ती पाहिली होती आणि चुना म्हणून सोडून दिली होती.

आता तिने ती बोटावर घेतली. चुना बोटांना खातो, ही खात नव्हती. मेट्रनने जिभेचं टोक लावलं.

खारट.

तिने पिशवीतून पाकीट काढलं. बाईंच्या हनुवटीचा ओघळ टिपलेला बोळा वाळून कडक झाला होता. त्यालाही जीभ लावली.

तेही खारट.

"या विहिरीचं पाणी कसलं आहे रे?" तिने माळ्याला हाक मारून विचारलं.

"खारं. विष आहे नुसतं. मी मेंदीच्या कुंपणालासुद्धा घालत नाही."

"मग भिंतीला?"

"भिंतीला?" माळी दचकलाच. "गवंडीदादा जीव घेईल! खारं पाणी लागलं की चुना फुगून गळतो. भिंतीचं पाणी वेगळं. पावसाचं साठवलेलं. त्याची तोटी अवजारांच्या खोलीत आहे."

"आणि त्या खोलीची किल्ली?"

"तिघांकडेच. बाई, गवंडीदादा आणि मी."

मेट्रन विहिरीच्या कट्ट्यावर टेकली. चार दिवस डोक्यात जो किडा वळवळत होता तो आता सरळ चालायला लागला. भाऊ आला असता तर त्याच्याकडे खोलीची किल्ली होती, आणि नसती तरी हात कापून दिला असता पण खारं पाणी भिंतीला लावलं नसतं. माळ्याचंही तेच. म्हणजे आलेल्याकडे फाटकाची किल्ली होती, पण खोलीची नव्हती. असे दोघेच. त्यांतल्या फादरांना पोती कशासाठी हेच माहीत नाही.

तशी फादरांना वेड पांघरता आलं असतं. पण ज्याला त्या दगडांशी काही देणंघेणं नाही, असा माणूस मरत्या बाईच्या शेजारी उभा राहून भिंतीचे लाड पुरवील कशाला?

पोती सकाळ-संध्याकाळ ओली ठेवा, हा नियम कागदावर होता. तो दर शनिवारी मोठ्याने वाचणारा माणूस एकच होता. पाणी कुठलं, हे मात्र कागदावर नव्हतं. ते गवंडी काम करता करता तोंडाने सांगायचा, हात चुन्यात असलेल्यांना.

मेट्रन उठली. एवढ्यावर फौजदार भावाला सोडणार नव्हते. बोळा चाखून पाहा, असं त्यांना सांगायची सोय नव्हती. शिवाय ग्रंथपालाचं आणि बाईंचं वाकडं ते काय होतं?

"चल, दगड मांडू," ती माळ्याला म्हणाली.

५

काम गटाच्याच पद्धतीचं होतं. भिंत पडली की दगड ढिगातून काढायचे आणि नकाशा बघून गवतावर ओळीने मांडायचे, जणू भिंत आडवी झोपवली आहे. नकाशाची एक प्रत खोलीत असायची. मेट्रनची कंबर मोडून निघाली, माळ्याची बोटं सोलली. गुरुवारी दुपारी भिंतीचा पडलेला भाग गवतावर मांडून झाला.

मधोमध, गुडघ्याच्या उंचीवर, हातभर लांबीची एक जागा रिकामी राहिली. सालाचा दगड तिथे असायचा. त्याची चिपसुद्धा ढिगात नव्हती.

कोठडीत भेटायला फौजदारांनी दहा मिनिटं दिली. मेट्रनने भावाला फक्त एवढंच सांगितलं, "सालाचा दगड नाही ढिगात."

गवंड्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"तो दगड मी बसवला, ताई," तो म्हणाला. "गेल्या साली. ग्रंथपालाने कोरून आणला होता. पुढून जुना दिसेल असा घासलेला, पाठीमागून यंत्राने कापलेला. म्हणाला, बाग जुनीच आहे, कागद तेवढे वाळवीने खाल्ले. एक दगड बसव, नाहीतर रस्ता येईल. मी चुन्यात काजळी कालवून सांधे जुने केले. माझ्या हाताने."

"आणि बाईंना कळलं."

"शनिवारी. वरची नवी ओळ चढवत होतो. बाईंनी सहज केसातली पिन काढून त्या दगडाचा सांधा खरवडला. दोनशे वर्षांचा चुना पिनेने निघत नाही गं. तो भुरभुर निघाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोलल्या नाहीत. दुपारी फोन केला. म्हणाल्या, सोमवारी मी समितीला सांगणार. उद्या सकाळी तू पाळीला येशील तेव्हा तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. त्यालाही बोलावलंय."

म्हणून छिन्नी. ज्यांना पाटीवरचं एक अक्षर खपत नव्हतं त्यांना रविवारपर्यंत धीर निघाला नव्हता. संध्याकाळी पाणी मारून झाल्यावर त्यांनी दगडाची पाठ बघायला तो बाहेर ओढला, आणि वरचं ओलं बांधकाम आधार गेल्यामुळे खाली बसलं. भिंत कच्ची नव्हती. भिंतीचा पाय काढला होता.

"हे फौजदारांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की दगड खोटा ठरतो. दगड खोटा तर बाग गेली. बाईंची अकरा वर्षं गेली. बाई माझ्या पापाने मेल्या, निदान बाग तरी..." त्याने गज धरले. "ताई, तू पोत्यांचं सांग, पाण्याचं सांग. दगडाचं तेवढं सोडून दे."

"दगडाशिवाय तो तिथे का आला ते कसं सांगू? मग तूच राहतोस इथे."

"राहीन."

मेट्रनने बागेचा विचार केला नाही असं नाही. तिथली प्रत्येक थडग्याची पाटी तिने मऊ ब्रशने आणि साध्या पाण्याने धुतली होती, त्यांतली कित्येक नावं तिला पाठ होती. पण भाऊ एकच होता, आणि तो स्वतःला गाडून घ्यायला निघाला होता.

"नाही सोडणार," ती म्हणाली आणि फौजदारांच्या टेबलापाशी जाऊन बसली.

६

फौजदारांना आधी वाटलं, बहिणीची माया बोलते आहे. पण खाऱ्या पाण्याच्या बोळ्याला त्यांनी नाक मुरडलं, तरी विहिरीत गळ टाकायला त्यांचं काही जात नव्हतं. शुक्रवारी सकाळी माळ्याने दोर सोडला. तिसऱ्या खेपेला गळ अडकला. दोघांनी ओढून काढलेला दगड कट्ट्यावर ठेवला. पुढे साल होतं. मागे यंत्राच्या पात्याचे गोल गोल ओरखडे.

दुपारी वाचनालयात मेट्रन फौजदारांना बरोबर घेऊनच शिरली. पाठोपाठ दोन शिपायांनी दगड आणून वाचनाच्या टेबलावर ठेवला. वर्तमानपत्र वाचत बसलेले दोन म्हातारे चष्मे सावरत उठून गेले.

ग्रंथपालाने दगडाकडे पाहिलं. मग टेबलावर पसरत चाललेल्या पाण्याकडे पाहिलं आणि सवयीने पुस्तकं बाजूला सरकवली.

"तुम्ही उजाडताच आलात," मेट्रन म्हणाली. "बाईंनी बोलावलं होतं. दगड त्यांच्याजवळ पडला होता, पाठ वर करून. तो तुम्ही विहिरीत टाकलात. आणि त्याच विहिरीचं पाणी काढून पोती भिजवलीत."

"त्या गेलेल्या होत्या." त्याचा आवाज कागदासारखा कोरडा होता. "मी पाहिलं. गेलेल्या होत्या. मी काय करणार होतो?"

"गेलेलं माणूस पोतं चोखत नाही. त्यांच्या दातांत धागा होता. हनुवटीवर तुमच्या विहिरीचं मीठ होतं. तुम्ही ओतलेलं पाणी त्या प्यायल्या."

फौजदारांनी टोपी काढून हातात घेतली.

"त्यांनी पाणीच मागितलं," ग्रंथपाल म्हणाला. "दोनदा. मला ओळखलं. नावाने हाक मारली. मी बादली भरून आणली." तो थांबला. "उन्हं वर येत होती. उरलेली भिंत वाळत चालली होती. मी ती भिजवली."

"आणि बाई?"

"पोत्याचं टोक त्यांच्यापाशीच होतं. पोचलं की पाणी त्यांच्यापर्यंत." मग एकदम तो टेबलावर हात आपटून ओरडला, "बाग जुनी आहे हो! खरोखर जुनी आहे! मी तिचं वय तिला परत दिलं, एवढंच. आणि ही बाई तिच्या खरेपणापायी सगळं रस्त्याखाली घालणार होती. मी बोटही लावलं नाही तिला. मी आलोच नव्हतो, एवढंच मी ठरवलं."

"फोड आणि धागा दाखवल्यावर डॉक्टर म्हणाले, पाय गेला असता," मेट्रन म्हणाली. "जीव वाचला असता."

शिपाई त्याला घेऊन निघाले तेव्हा त्याने मागे वळून सांगितलं, "तो दगड पुसून ठेवा. टेबलाच्या लाकडाला पाणी लागतंय."

मेट्रनला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. गेली नाही. हात तेवढे तिने पदराखाली घेतले.

७

गवंड्याला शनिवारी सोडलं. दगडाच्या लबाडीबद्दल सोमवारी जबाब द्यायला यायचं होतं, पण बाईंचं मरण त्याच्या नावावरून निघालं. समितीने सही केली नाही. रस्त्याची माणसं त्याच दिवशी येऊन झाडांच्या बुंध्यांवर लाल पट्टे मारून गेली. गटातली माणसं फाटकाबाहेर उभी राहून ते बघत होती. मेट्रनकडे कोणी पाहिलं नाही. तिनेही अपेक्षा केली नव्हती.

रविवारी दुपारी तिने भावाला जेवायला वाढलं. तो जेवला नाही. पाण्याचा तांब्या दोन्ही हातांत धरून बसला.

"ताई, तुला एक सांगितलं नाही."

"आता काय राहिलं?"

"मी गेलो होतो त्या दिवशी. पावणेसातला. फाटकापर्यंत. कुलूप उघडं दिसलं, म्हणजे बाई आत माझी वाट बघत बसल्यात. मला तोंड दाखवायचा धीर होईना. मी फाटकाला हात लावला आणि परत फिरलो."

मेट्रनने त्याच्या ताटावर झाकण ठेवलं.

"फौजदार म्हणत होते, ग्रंथपाल साडेसहालाच निघाला. म्हणजे मी आलो तोवर तो गेलेला होता ना?"

"हो."

"मग त्या वेळी बाई..." तांब्यातलं पाणी हिंदकळलं. "खरं सांग. मला उगाच बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

दवाखान्यात तिने किती जणांना सांगितलं होतं, की त्यांना काही त्रास झाला नाही, झोपेतच गेले. शब्द तोंडात तयार होते. पण हा धाकटा भाऊ होता, आणि त्याच्याशिवाय बाईंना घरच्यासारखं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

"होत्या," ती म्हणाली. "जिवंत होत्या."

"मी हाक मारली असती तर ऐकू आलं असतं?"

"आलं असतं."

गवंड्याने तांब्या खाली ठेवला. तो रडला नाही. उठून त्याने खुंटीवरचा सदरा घातला, चप्पल घातली आणि सोमवारची वाट न बघता पोलीस ठाण्याकडे चालू लागला. हे तिथे सांगून कुठलंही कलम लागणार नव्हतं, ते मेट्रनला माहीत होतं, त्यालाही माहीत असावं. तिने दारातून त्याला एकदा हाक मारली. तो थांबला नाही, तेव्हा तिने दार ओढून घेतलं आणि पायांत चपला सरकवत त्याच्या मागोमाग निघाली.